लठ्ठपणा, भूल आणि श्वास: वजनकाट्याला न दिसणाऱ्या गोष्टी

“डॉक्टर, सर्जननी फिटनेस आणायला सांगितलंय.”

विठ्ठलवाडीतल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. कुणाच्या पित्ताशयात खडे असतात, कुणाला हर्निया असतो, कुणाची पिशवी काढायची असते. रुग्ण तपासण्यांची फाईल टेबलावर ठेवतो. मी ईसीजी पाहतो, साखर पाहतो, रक्तदाब मोजतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो आणि लेटरहेडवर ‘शस्त्रक्रियेस हरकत नाही’ असं लिहून देतो. रुग्णाच्या दृष्टीने तो फाईलमध्ये लावायचा एक कागद असतो. खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझ्याही दृष्टीने तो जवळजवळ तेवढाच होता.

आज ज्यांच्याविषयी लिहितोय त्या काकूंनी मला तो कागद नीट लिहायला शिकवलं. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिलं ऑपरेशन

काकूंचं वय तेव्हा ५८. पहाटे चारला उठून पोळी-भाजीचे डबे करायच्या. सातच्या आत डबे स्टेशनवर पोचलेच पाहिजेत, कारण कल्याणहून पुढे जाणारी माणसं थांबत नाहीत. वजन १०२ किलो. पित्ताशयातल्या खड्यांमुळे पोटात वारंवार कळा येत होत्या, म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं होतं.

तपासण्या चांगल्या होत्या. साखर थोडी वर, रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात, इको नॉर्मल. मी विचारलं, “दिवसा झोप येते का?” त्या म्हणाल्या, “चारला उठते ना डॉक्टर, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो.” मला ते पटलं. काका शेजारी बसले होते. ते हसत म्हणाले, “अहो, हिच्या घोरण्यामुळे मी सात वर्षं हॉलमध्ये झोपतोय. मध्येच आवाज थांबतो तेव्हा मात्र भीती वाटते.” आम्ही तिघेही हसलो. मी सही केली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. संध्याकाळी काकू वॉर्डात आल्या. वेदना होत होत्या म्हणून इंजेक्शन दिलं गेलं. नातेवाइकांनी आराम पडावा म्हणून पलंग सपाट करून घेतला. थोड्या वेळाने काकू मोठ्याने घोरू लागल्या आणि घरच्यांना हायसं वाटलं, “छान गाढ झोप लागली.” नशीब असं की एका नर्सने सहज बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा होता ७८. तो ९५च्या आसपास असायला हवा होता.

रात्री अकराला भूलतज्ज्ञ मॅडमचा फोन आला. “सर, काकू आता ठीक आहेत. आयसीयूत घेतलंय, बायपॅप लावलाय. एक विचारायचं होतं, त्या घरी घोरतात का?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग म्हणालो, “घोरतात. आणि मध्येच श्वास थांबतो.”

“फिटनेसमध्ये तसं काही नव्हतं, म्हणून विचारलं.”

आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. मला माहिती मिळाली होती. आयती, काकांच्या तोंडून. मी ती विनोद समजून सोडून दिली होती. काकू दोन रात्री आयसीयूत राहून सुखरूप घरी आल्या. पण त्या नर्सने ऑक्सिमीटर अर्ध्या तासाने लावला असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही माझी पाठ सोडत नाही.

झोपल्यावर आणि भूल दिल्यावर फुफ्फुसात काय होतं?

मी भूलतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. त्या फोननंतर मी हा विषय पुन्हा नीट वाचला. तुम्हालाही तो समजायला अवघड नाही.

आपण सहज श्वास सोडतो तेव्हा फुफ्फुसं पूर्ण रिकामी होत नाहीत. प्रौढ माणसात साधारण दोन ते अडीच लिटर हवा आत उरते. ही शिल्लक म्हणजे शरीराची ऑक्सिजनची टाकी. दोन श्वासांच्या मधल्या काळात रक्ताला ऑक्सिजन तिच्यातूनच मिळतो. शिवाय ही हवा बारीक वायुकोशांना उघडं ठेवते.

आपण पाठीवर आडवे झालो की पोटातले अवयव श्वासपटलाला छातीच्या दिशेने ढकलतात आणि टाकी लहान होते. भूल दिली की स्नायू सैल पडतात, श्वासपटल आणखी वर सरकतं आणि टाकी आणखी लहान होते. सडपातळ माणसात भुलेमुळे ती अंदाजे एक पंचमांश कमी होते. खूप लठ्ठ माणसात ती जवळजवळ निम्मी होऊ शकते, कारण पोटाचं आणि छातीवरच्या चरबीचं ओझं त्यात मिळतं. मग फुफ्फुसाच्या खालच्या, पाठीकडच्या भागातले बारीक श्वासमार्ग मिटतात आणि काही मिनिटांत तो भाग पिचकतो. तिथून रक्त वाहतं, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही.

याचा हिशेब करून पाहू. आपल्याला विश्रांतीत मिनिटाला साधारण २५० मिली ऑक्सिजन लागतो. टाकीत सव्वादोन लिटर साधी हवा असेल तर तिच्यात ऑक्सिजन फक्त २१ टक्के, म्हणजे जेमतेम ४७० मिली. श्वास थांबला तर दोन मिनिटंही पुरणार नाही. म्हणून भूल देण्याआधी तोंडावर मास्क धरून तीन-चार मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. टाकीतली जवळजवळ सगळी हवा ऑक्सिजनने बदलली की दोन लिटरचा साठा होतो आणि निरोगी माणसाला सुमारे आठ मिनिटं मिळतात. भूलतज्ज्ञाला घशातून श्वासनळीत नळी घालायला हा वेळ लागतो.

खूप लठ्ठ माणसात टाकीच लिटरभर किंवा त्याहून लहान असते आणि शरीर मोठं असल्याने ऑक्सिजनचा खर्च जास्त असतो. आठ मिनिटांची जागा अडीच-तीन मिनिटं घेतात. त्यात मान आखूड, जीभ मोठी आणि घशाभोवती चरबी असेल तर नळी घालणंही अवघड. म्हणजे काम जास्त आणि वेळ कमी.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या तोंडावर मास्क धरला आणि “खोल श्वास घ्या” असं सांगितलं, तर घाबरून मास्क बाजूला सारू नका. ती टाकी भरण्याची वेळ असते.

वजन वाढतं, फुफ्फुस वाढत नाही

आता व्हेंटिलेटरकडे येऊ. भुलेखाली स्नायू सैल केलेले असतात, त्यामुळे श्वास यंत्र देतं. प्रत्येक श्वासात किती हवा द्यायची, हा पहिला प्रश्न. या आकड्याला टायडल व्हॉल्यूम म्हणतात.

औषधं आपण बऱ्याचदा किलोमागे मोजून देतो, म्हणून हवाही किलोमागे मोजायची, हे ओघानेच येतं. पण कुणाचे किलो? माणूस ५० किलोचा १०० किलो झाला तर पोट वाढतं, मांड्या वाढतात, मान वाढते. फुफ्फुसं होती तेवढीच राहतात. त्यांचा आकार ठरतो तो मुख्यतः उंचीवरून आणि आपण स्त्री की पुरुष यावरून.

म्हणून यंत्रासाठी रुग्णाचं खरं वजन न घेता उंचीवरून काढलेलं ‘अपेक्षित वजन’ घेतात. स्त्रियांसाठी सूत्र असं: सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करा, उरलेल्याला ०.९१ ने गुणा आणि ४५.५ मिळवा. पुरुषांसाठी ४५.५ ऐवजी ५० मिळवायचे. काकूंची उंची १५० सेंटिमीटर. त्यांचं अपेक्षित वजन येतं सुमारे ४३ किलो.

किलोमागे ८ मिली हवा द्यायची ठरली तर काट्यावरच्या १०२ किलोंच्या हिशेबाने एका श्वासात ८१६ मिली जातील. ४३ किलोंच्या हिशेबाने साधारण ३४५ मिली. फुफ्फुसं तीच, आणि हवेत दुपटीहून जास्त फरक. श्वासागणिक वायुकोश असे ताणले जाऊ लागले तर त्यांच्या नाजूक भिंतींना इजा होते.

आमच्या शिक्षणाच्या काळात मोठे श्वास देण्याचीच पद्धत होती. त्यालाही कारण होतं. १९६३ साली बोस्टनमधल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की भुलेखाली सतत उथळ, एकसारखे श्वास दिले तर फुफ्फुसाचे भाग मिटत जातात आणि ऑक्सिजन घटतो. त्यावर उपाय म्हणून किलोमागे १० ते १५ मिली हवा देण्याची रीत पडली आणि ती काही दशकं टिकली. मग २००० साली अमेरिकेत फुफ्फुसं गंभीर निकामी झालेल्या ८६१ रुग्णांवरचा अभ्यास आला. अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ मिली दिलेल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, ६ मिली दिलेल्या गटात ३१ टक्के. औषध नवं नव्हतं, फक्त श्वास लहान केला होता.

ते आजारी फुफ्फुसांचे रुग्ण होते. ऑपरेशनसाठी आलेल्या चांगल्या फुफ्फुसांचं काय? २०१३ साली फ्रान्समधल्या अभ्यासात पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे ४०० रुग्ण घेतले. एका गटाला मोठे श्वास दिले. दुसऱ्या गटाला लहान श्वास, त्याच्या जोडीला श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला थोडा दाब आणि अधूनमधून फुफ्फुस फुगवून उघडणं. पहिल्या गटात २७.५ टक्के रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली, दुसऱ्यात १०.५ टक्के.

हे सगळं वाचून झाल्यावर मला माझ्याच दवाखान्याची लाज वाटली. कोपऱ्यात वजनकाटा होता. उंची मोजायची पट्टी नव्हती. इतक्या वर्षांत मी हजारो रुग्णांचं वजन लिहिलं होतं, उंची क्वचितच. आणि भूलतज्ज्ञाला नेमकी तीच हवी असते.

वजन तेच, पोट वेगळं

लठ्ठपणा म्हटलं की लोकांना टोकाची उदाहरणं आठवतात. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून सुमारे ५०० किलो वजनाच्या एका महिलेला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं होतं, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. तिथेही शस्त्रक्रिया लगेच केली नाही. आधी काही आठवडे तयारी झाली आणि मग मार्चमध्ये ऑपरेशन झालं. त्या बातमीनंतर माझे रुग्ण म्हणायचे, “आपण काय तसे जाडे थोडेच आहोत!”

पण श्वासासाठी धोका सुरू व्हायला तेवढं वजन लागत नाही. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. म्हणजे आपल्या मर्यादा पाश्चात्त्य निकषांपेक्षा कमी आहेत. याचं कारण समजायला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण फार बोलकं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के.

आपल्याकडे चरबी पोटात साठण्याकडे कल जास्त असतो आणि आडवं झाल्यावर श्वासपटलाला ढकलतं ते पोटच. ८० किलोंचे दोन पुरुष माझ्यासमोर असतील, एकाची चरबी नितंब-मांड्यांवर आणि दुसऱ्याचं पोट घट्ट, पुढे आलेलं, तर भुलेखाली मला दुसऱ्याची काळजी जास्त. मान जाड असेल तर आणखी जास्त. म्हणून आता मी कमरेभोवती आणि मानेभोवतीही टेप लावतो.

दुसरं ऑपरेशन: यंत्राच्या पडद्यावर काय दिसलं

पहिल्या ऑपरेशननंतर काकूंची झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, तीव्र प्रमाणात होता. त्यांना सीपॅप यंत्र मिळालं. पहिले पंधरा दिवस त्यांनी ते कपाटात ठेवलं, मग काकांच्या आग्रहाने लावायला लागल्या. महिन्याभरात दुपारचं पेंगणं गेलं. चारला उठणं मात्र चालूच होतं. म्हणजे माझं कारण चुकीचं होतं.

दोनेक वर्षांनी बेंबीजवळच्या जुन्या छिद्रातून हर्निया आला आणि पुन्हा भूल द्यायची वेळ आली. काकूंची एकच अट होती, “त्याच मॅडम भूल देतील.” मी मॅडमना विचारून थिएटरमध्ये एका कोपऱ्यात उभा राहिलो.

सुरुवात उशांपासून झाली. खांद्याखाली, मानेखाली, डोक्याखाली घड्या घातलेल्या चादरी आणि उशा रचून उतार केला. बाजूने पाहिलं तर कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका रेषेत आलं. टेबलही डोक्याकडून उचललं. डोकं २५ अंश वर ठेवून ऑक्सिजन दिला तर खूप लठ्ठ रुग्णात सुमारे पाऊण मिनिट जास्त मिळतं, हे अभ्यासात दिसलं आहे. ज्याच्याकडे तीनच मिनिटं आहेत त्याला पाऊण मिनिट ही मोठी मिळकत आहे, आणि तिची किंमत चार उशा.

मास्क, ऑक्सिजन, झोपेचं इंजेक्शन, कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपने नळी. सगळं सुरळीत झालं. मग मॅडमनी यंत्रात उंची टाकली, १५०. किलोमागे ७ मिली, म्हणजे एका श्वासात ३०० मिली. मिनिटाला १६ श्वास. श्वास सोडल्यावर उरणारा दाब, ज्याला आमच्या बोलीत ‘पीप’ म्हणतात, तो ८. ऑक्सिजन ५० टक्के.

पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरायला सुरुवात झाली तसा यंत्रावरचा दाब वाढला आणि ऑक्सिमीटर ९७ वरून ९३ वर आला. पोटात भरलेला वायू श्वासपटलाला आणखी वर ढकलत होता. मॅडमनी रक्तदाब पाहिला, फुफ्फुस सावकाश फुगवून काही सेकंद तसंच धरलं आणि मग पीप १० केला. मिटलेले भाग उघडले, आकडा परत ९७. वायूतला कार्बन डायऑक्साइड रक्तात मिसळतो आणि तो बाहेर काढावा लागतो, म्हणून त्यांनी श्वासांची संख्या २० केली. श्वास मात्र मोठा केला नाही.

मी विचारलं, “दाब ३० च्या जवळ गेलाय, चालेल?” त्या म्हणाल्या, “सर, चार गोधड्यांखाली फुगा फुगवला तर जोर जास्त लागेल. पण त्यातला बराचसा जोर गोधड्या उचलण्यात जाईल. फुगा किती ताणला गेला ते नुसत्या जोरावरून कळत नाही.” मला ते लगेच कळलं. लठ्ठ रुग्णात यंत्रावरचा दाबाचा आकडा फुफ्फुसाचा एकट्याचा नसतो, त्यात छाती आणि पोटाचं ओझंही असतं. म्हणून त्या एकच आकडा पाहत नव्हत्या. श्वास भरल्यावरचा दाब आणि पीप यांतला फरक किती, ऑक्सिजन किती, रक्तदाब किती, हे सगळं एकत्र पाहत होत्या.

मग बरोबर आकडा कोणता?

वाचकांपैकी कुणी म्हणेल, मग पीप सगळ्या लठ्ठ रुग्णांना भरपूरच द्यावा. हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. २०१९ साली अनेक देशांतल्या सुमारे दोन हजार रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा बीएमआय ३५ किंवा जास्त, सगळ्यांना अपेक्षित वजनाच्या किलोमागे ७ मिली हवा. निम्म्यांना पीप १२ आणि फुफ्फुस फुगवून उघडणं, निम्म्यांना पीप फक्त ४. ऑपरेशननंतर फुफ्फुसाची गुंतागुंत पहिल्या गटात २१.३ टक्के, दुसऱ्यात २३.६ टक्के. हा फरक सिद्ध म्हणता येईल इतका नव्हता.

मी यातून दोन गोष्टी घेतल्या. एक, लहान श्वास आणि उंचीवरून हिशेब ही पायाभूत गोष्ट आहे, पण पीपचा एकच आकडा सगळ्यांना बसत नाही. पीप कमी पडला तर फुफ्फुस मिटतं, जास्त झाला तर वायुकोश ताणले जातात आणि हृदयाकडे येणारं रक्त अडून रक्तदाब उतरतो. तो समोरच्या रुग्णाकडे बघतच ठरवावा लागतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. दोन्ही गटांत पाचातल्या एकाला त्रास झालाच. थिएटरमधलं यंत्र कितीही नीट लावलं तरी धोका थिएटरच्या दारात संपत नाही. ऑपरेशनच्या आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या रात्रीवर बरंच अवलंबून असतं, आणि तिथे माझं आणि तुमचं काम सुरू होतं.

नंतरची रात्र

या वेळी काकूंना पूर्ण जाग आल्यावर, स्नायूंची ताकद परत आल्याची खात्री करून, बसतं करूनच नळी काढली. वेदनेसाठी पोटाच्या भिंतीत बधिरतेचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे गुंगी आणणारी औषधं कमी लागली. काकांनी घरून कापडी पिशवीत सीपॅप आणलं होतं, ते वॉर्डात येताच लावलं. डोक्याकडचा पलंग रात्रभर वर. बोटाला ऑक्सिमीटर सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी काकू तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमधून श्वास ओढत बसल्या होत्या आणि तिसरा चेंडू वर जात नाही म्हणून चिडल्या होत्या. आयसीयूची गरज पडली नाही.

बाई तीच, वजनही फारसं बदललेलं नव्हतं. बदलली होती ती आधीची माहिती.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या ऑपरेशनआधी

• फिटनेस घेताना वजनाबरोबर उंचीही मोजून लिहून घ्या.

• शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत आणा. घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दचकून उठणं हे रुग्णाला स्वतःला कळत नाही.

• मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलेला असणं, रक्तदाब, बीएमआय ३५ हून जास्त, वय ५० हून जास्त, मान ४० सेंटिमीटरहून जाड, पुरुष असणं. या आठपैकी तीन किंवा जास्त गोष्टी असतील तर स्लीप ॲप्नियाची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

• विठ्ठलवाडी स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागतं का? रात्री सपाट झोपता येतं का, की दोन उशा लागतात? हे आपणहून सांगा.

• घरी सीपॅप असेल तर ते हॉस्पिटलात नेलंच पाहिजे. कपाटात ठेवून जाऊ नका.

• वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आधी कळवा. त्यांच्यामुळे पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलेच्या वेळी पोटातलं अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका असतो.

• झोपेच्या गोळ्या आणि दारू ऑपरेशनच्या आसपास नको. तंबाखू आणि सिगारेट जितकी आधी सोडाल तितकं चांगलं.

• ऑपरेशन थांबू शकणारं असेल तर आधी काही किलो वजन कमी करण्याबद्दल सर्जनशी बोला. पण खड्यांच्या कळा येत असताना किंवा हर्निया अडकलेला असताना ‘आधी बारीक होतो, मग बघू’ असं म्हणून घरी बसू नका.

• नंतर रुग्णाला सपाट झोपवू नका. आणि ऑपरेशननंतर मोठ्याने घोरणारा रुग्ण ‘गाढ झोपलाय’ असं समजू नका. लगेच नर्सला बोलवा.

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर आता उंचीची पट्टी आहे. लेटरहेडवरच्या मजकुरात तीन ओळी वाढल्या आहेत: उंची, मानेचा घेर आणि ‘घोरतात का, कुणी सांगितलं’. ही तिसरी ओळ भरण्यासाठी मी रुग्णाच्या सोबत आलेल्या माणसाकडे वळतो. बहुतेक वेळा तो माणूस हसतो, कारण घोरणं हा घरोघरी चेष्टेचा विषय आहे. मी त्याला पूर्ण बोलू देतो आणि लिहून घेतो.